सर्वांत कमी दराचा श्वास

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप संपतराव,

विष्णूचा वाकून नमस्कार. आपला डावा गुडघा जिना चढू देतो की अजून कुरकुरतो? शेवंता वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी पोचली. बरणी दुसऱ्याच दिवशी तळाला गेली, हे त्यांना सांगितलंत तर आणखी एका बरणीची सोय होईल. आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे नोव्हेंबरात दिल्लीत माणूस जितका खुशाल राहू शकतो तितके. खिडक्या बंद, आपल्या बहिणीचा खोकला चालू, आणि समोरची पाण्याची टाकी गेले दोन दिवस दिसलेली नाही. फोन सोडून पत्र का, असं आपल्याला वाटेल. तर आपण फोन स्पीकरवर ठेवता आणि कोरेगावातली अर्धी आळी आमचं बोलणं ऐकते, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. विषय जरा खाजगी आहे.

मला एक रेग्युलेटर घ्यायचा आहे. पाणबुड्याच्या पाठीवर टाकी असते ना, तिच्यात दाबून भरलेली हवा माणसाला ओढता येईल इतकी मवाळ करून तोंडापर्यंत आणणारं हे यंत्र. एक डबी टाकीवर बसते, तिच्यातून नळी निघते, नळीचं टोक दातांत धरायचं आणि शहाण्यासारखा श्वास घ्यायचा. (होय, सत्तावन्नाव्या वर्षी मी समुद्रात बुड्या मारायला शिकलो. आधी तलावात, मग मे महिन्यात चार दिवस मालवणला. हसून घ्या. वहिनींनाही बोलवा, मी थांबतो.) आपली भाची तनया गुरुग्रामची नोकरी सोडून अंदमानात लोकांना हेच शिकवते, याच्याशी माझ्या शिकण्याचा काहीएक संबंध नाही. ती दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही, याच्याशीही नाही. दर रविवारी ती आईला फोन करते आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून कांदा चिरतो. इतका कांदा आमच्या घरात लागत नाही.

स्वतःचाच रेग्युलेटर कशाला, तर मालवणात भाड्याने मिळालेल्याचं रबर आधीच्या गिऱ्हाइकांनी चावून फाडलेलं होतं. दर श्वासाबरोबर चमचाभर समुद्र. तिसऱ्या दिवशी नऊ मीटरवर मला वाटलं, विष्ण्या, संपलं. शिकवणाऱ्याने दंड धरून वर आणलं म्हणून हे पत्र लिहितोय. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगू? पेन्शन नाही, आपली बहीण नीलाही नाही (तिला सांगू नका). विमानतळावर मी पोरीला जे बोललो होतो ते आलं: "वर्षभरात हात हलवत परत येशील, बघ." असं कोणी बोलतं का हो? मी बोललो.

तर मी रीतसर खरेदीला लागलो. तीस वर्षं खरेदी विभागात काढलेल्या माणसाला दुसरं काय येतं? हिरवी फाइल उघडली, गरजेची टिपणी लिहिली आणि तीन दरपत्रकं मागवायला निघालो. पहिलं इथल्याच एका दुकानातून. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, गिफ्ट करना है?" मी म्हटलं, स्वतःसाठी. त्याने मला खुर्ची दिली आणि पंखा वाढवला. दुसरं मुंबईहून ईमेलने आलं. तिसरं काही मिळेना. आणि तिसऱ्याशिवाय फाइल हलत नाही हे आपल्यासारख्या फौजेतल्या सुभेदाराला मी सांगायला नको.

अखेर इंटरनेटवरच्या पाणबुड्यांच्या एका मंडळात शिरलो. नाव घेतलं 'इच्छुक खरेदीदार'. तिथे 'सॉल्टी' नावाची व्यक्ती आहे. बाई की बुवा ठाऊक नाही, म्हणून मी 'महोदय/महोदया' लिहितो. सगळा व्यवहार इंग्रजीत. पण काय संयम त्या माणसाचा! मी 'आपल्या दिनांक अमुकच्या उत्तराच्या संदर्भात' असं सुरू करून अकरा मुद्दे पाठवायचे, आणि तिकडून अकराही मुद्द्यांची उत्तरं. नवशिक्याने थाटामाटाचं यंत्र घेऊ नये. बर्फाच्या पाण्यासाठी केलेलं तर मुळीच नको, आपले समुद्र उबदार. साधं, चार ठिकाणी चालणारं घ्या. आणि मुख्य म्हणजे ते दर वर्षी उघडून साफ करणारा कारागीर कुठे आहे ते आधी विचारा, किंमत मग. स्वस्तात घेतलेलं यंत्र दुरुस्तीला सिंगापूरला जाणार असेल तर ते स्वस्त नाही. तीस वर्षांत हे वाक्य मला एकाही वरिष्ठाने सांगितलं नाही.

एकदाच त्यांनी मला अडचणीत टाकलं. विचारलं, तुमचा बडी कोण? (पाण्यात एकट्याने उतरायचं नसतं, जोडीदार लागतो, त्याला बडी म्हणतात.) मी बराच वेळ विचार केला आणि कळवलं, "विषय विचाराधीन आहे."

तिसरं दरपत्रक शेवटी फरीदाबादेत सापडलं. धवल नावाचा इंजिनिअर कॅनडाला निघालेला, सामान विकत होता. सॉल्टींनी परीक्षा शिकवली होती: टाकीकडचं तोंड झाकण लावून बंद करायचं आणि दुसऱ्या टोकाने श्वास ओढायचा. काहीच आलं नाही तर यंत्र ठीक. हवा आली तर कुठेतरी गळतं. गॅलरीत एसीमागे तीन उन्हाळे टांगलेलं ते यंत्र मी त्याच्या बैठकीत, त्याचे आईवडील चहा घेऊन समोर बसलेले असताना, तोंडात धरलं आणि ओढलं. हवा आली. हवेबरोबर एक मुंगीही आली. मी खोकत खोकत "बढ़िया है जी, सोचकर बताता हूँ" म्हटलं आणि मेट्रो गाठली.

पण दर सर्वांत कमी त्याचाच! फाइलीच्या हिशेबाने तोच एल-वन, म्हणजे घ्यायचा तोच. रात्रंदिवस आपण हेच केलं, संपतराव. माझी ऑफिसातली खुर्ची एल-वन, ती डावीकडे कलते. हवा शुद्ध करायचं यंत्र एल-वन, ते फक्त गुरगुरतं. कधी जिवाला लागलं नाही, कारण ते माझ्या छातीत जात नव्हतं. हा श्वास मी स्वतः घेणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी लेखी कारण देऊन एल-वन नाकारला आणि सही करण्याआधी ते कारण दोनदा वाचलं, खरं सांगतो.

उरला दिल्लीचा दुकानदार, कारण कारागीर त्याच्याच दुकानात बसतो. दर मात्र चढा. म्हणून मी काटछाट केली. त्या यंत्राला दातांत धरायचा आणखी एक तुकडा असतो, पिवळ्या नळीवर, त्याला ऑक्टोपस म्हणतात. माझं तोंड एक, मग दुसरा कशाला? लाल शाईने काट मारली, तो दरांचा तक्ता मंडळात सॉल्टींच्या माहितीसाठी टाकला आणि फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेलो. परत आलो तर नीलाने समासात पेन्सिलीने लिहिलेलं: "हा कोणासाठी होता?"

मी म्हटलं, बरोबरच्या माणसाची हवा संपली तर त्याला द्यायला.

ती पोळ्या लाटत राहिली. मी फाइल समोर घेऊन बसलो, आणि आपल्या हातून आजवर काय काय असं 'अनावश्यक' म्हणून कापलं गेलं ते आठवत राहिलो. पोरीला नोकरी सोडताना माझ्याकडून दोन बरे शब्द हवे होते. तेवढेच.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत चला.

आपला,
विष्णू

ता. क. १: मुख्य मुद्दा लिहायचा राहिला. तनया माझा फोन घेत नाही, आपला घेते. तिला सहज, बोलता बोलता सांगाल का, की तुझा बाप पाण्यात उतरायला शिकलाय आणि त्याला बडी नाही? मी सांगितलंय असं सांगू नका.

ता. क. २: म्हणजे सांगितलंत तरी चालेल.

ता. क. ३: पाकीट चिकटवायला घेतलं आणि मोबाइल वाजला. सॉल्टींचा निरोप, तोही मराठीत. जसाच्या तसा उतरवतो:

"विषय: रेग्युलेटर. १) ऑक्टोपस बिल्कुल काटायचा नाही. २) 'विषय विचाराधीन आहे' असं लिहिणारा डायव्हर जगात एकच आहे. पण मला त्याच्याही आधी कळलं होतं, पहिल्याच दिवशी. ३) २३ डिसेंबरच्या बोटीत दोन जागा धरल्यात. बडी मी. ४) तिथे खाली बोलता येत नाही बाबा, सो टेन्शन नॉट. प्रत माहितीसाठी: आई."

पहिल्याच दिवशी, संपतराव! म्हणजे तीन आठवडे अकरा-अकरा मुद्द्यांना ती मला उत्तरं देत होती, बापच विचारतोय हे माहीत असून, आणि एकदाही आवाज चढवला नाही. मी खाली 'मान्य' लिहिलं, तारीख घातली, आणि मग मला पुढचं काही दिसेना. आज कांदाही नव्हता हातात.

आता आपल्याला निरोप द्यायची गरज उरली नाही. पण नीलाने पाकिटावर तिकीट लावून ठेवलंय, म्हणून पाठवतो. पत्र पोचलं की मला फोन करा. आणि हो, स्पीकरवर ठेवा. आळीला ऐकू दे.