चमच्याच्या आधी काइंडनेस

कळंगुट, ता. १२ सप्टेंबर १९८२

ती. सिंधुअक्कास,
किशनचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी.

पत्त्यावर उस्मानाबाद खोडून लातूर जिल्हा लिहायचा म्हणालीस, तसा लिहिला. इथल्या पोस्टातल्या बाबूनं विचारलं, हा जिल्हा कुठून आला? म्हटलं, आत्ताच जन्मलाय, पाचवी पुजायची राहिलीय.

आईला सांग, हुबळीची लाकडाची वखार सोडली, बेळगावचं रस्त्यावरचं डांबर सोडलं, पण ह्या हॉटेलात पावसाळाभर टिकून राहिलोय. भांडी घासतो. मालक म्हणतो, दिवाळीनंतर गोरे पाहुणे यायला लागले की भांडीवाल्यांतला एक जण टेबलावर घेईन, पण इंग्रजी यायला पाहिजे. माझी शाळा चौथीत सुटली आणि इंग्रजी पाचवीत सुरू होतं. आमची गाठच पडली न्हाई.

तू मास्तरीण हायेस, पत्रातून शिकव. नाही जमलं तर इथून बी निघतो. कारवारला बोटीवर माणसं घेऊन राहिलेत. दारासमोरूनच बस जाते.

आईला जयभीम. भावजी बिलोलीहून आले की त्यांनाही. पाऊस नसला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा किशन

उदगीर, ता. ३ ऑक्टोबर १९८२

चि. किशन यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून आई आधी हसली, मग कारवारच्या बसला शिव्या घातल्या. म्हणाली, त्या बशीचं चाक निखळू दे.

इथं आभाळ कोरडं ठणठणीत आहे. टँकर नेमका शाळेच्या वेळेला येतो आणि पोरं घागरी घेऊन पळतात. म्हणून मी वर्गच रांगेत नेला. पुढं घागर, मागं पोर, आणि टँकर येईपर्यंत इंग्रजी भाषण. सुटे शब्द ध्यानात राहत नाहीत, भाषणात ओवले की राहतात. एक धैर्यावर आहे, एक दयेवर. दोन्ही मीच लिहिलीत. मराठी अक्षरांत उतरवून पाठवते, खाली अर्थ दिलेत. करेज म्हणजे धैर्य, काइंडनेस म्हणजे दया. बाकीचं वाच.

माझा नियम मात्र पाळायचा. पाय जुळवायचे, हात बाजूला, नजर समोर, आणि भाषण संपेपर्यंत जागा सोडायची नाही. पोरांना तोच, तुलाही तोच. आई म्हणते, त्याच्या पायाला भिंगरी हाय, त्यो कुठला उभारतोय. ती स्वतः मात्र रांगेत ऐकून ऐकून शिकली. ढकलाढकली झाली की घागर पुढं सारते आणि करेज, करेज म्हणते.

टिकून राहा. लोभ आहेच, तो पत्र लिहून वाढव.
तुझी अक्का

कळंगुट, ता. १९ डिसेंबर १९८२

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

काय झालं ते नीट सांगतो, हसायचं न्हाई. दोन्ही भाषणं पाठ झाली होती. कढया घासता घासता म्हणायचो, तर रेवणसिद्ध आचारी म्हणायचा, इलेक्शनला उभा राहून राहिलास काय रे?

काल मालकानं पहिल्यांदा टेबलावर पाठवलं. एक गोरी म्हातारी एकटीच, पुढ्यात ताट तसंच. काहीतरी मागून राहिली होती. एक शब्द कळला न्हाई. तिनं परत विचारलं. सगळं हॉटेल माझ्याकडं बघायला लागलं. पाय दाराकडं वळले अक्का, खोटं कशाला सांगू. बाहेर कारवारची बस लागली होती.

तेवढ्यात तुझा नियम आठवला. पाय जुळवले, हात बाजूला घेतले आणि मला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी म्हणून टाकलं. रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्सपासून दयेचं अख्खं भाषण. आचारी झारा घेऊन बाहेर आला. मी थांबलो न्हाई. शेवटी थँक्यू म्हटलं आणि सवयीनं जयभीम.

टाळ्या पडल्या. म्हातारीनं उठून हात मिळवला, डोळे पुसले आणि शेजारच्या टेबलावरचा चमचा स्वतःच घेतला. तिला चमचा पाहिजे होता. तुझ्या भाषणात चमचा कुठंच न्हाई गं.

मालकानं आत बोलावलं. वाटलं, गाठोडं बांधा. तो म्हणाला, “जेवणं गार झाली, पण कोण उठून गेलं नाही. उद्यापासून टेबलं तुझी. भाषण मागितलं तरच.” म्हातारीनं आज धैर्याचं मागितलं.

आता चमचा, मीठ, ताट, पाणी असले शब्द लवकर पाठव. आईला म्हणावं, कारवारची बस माझ्याबिगर गेली.
तुमच्या मायेतला किशन

उदगीर, ता. ४ जानेवारी १९८३

चि. किशन यास आशीर्वाद व जयभीम.

शब्द सोबत पाठवते. ते रांगेतल्या पोरांनी निवडलेत. हल्ली घागरी उपड्या घालून हॉटेल-हॉटेल खेळतात, आणि कुणी चमचा मागितला की आधी भाषण ठोकतात.

थंडीत अंगावर घाल काही. पत्राची वाट बघायला लावू नकोस, एवढंच मागणं.
तुझी अक्का

ता. क. तुझं पत्र आईला रांगेतच वाचून दाखवलं. ते भाषण इंग्रजीतच ऐकव म्हणाली. कळलं काही नाही, पण कमरेवर घागर घेऊन शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, “एवढं लांबडं सरेपातूर ह्यो एका जागी उभारला का?” मी हो म्हटलं. तर मागं वळून अख्ख्या रांगेला म्हणाली, “माझं लेकरू उभारलं.” आणि पुढची घागर सरकली तरी ती आपल्या जागेवरून हललीच नाही.