बाबाचं तारण

आये, बाबा आलाय. घाबरू नको, पिऊन नाय आला. पांढरा शर्ट घालून, बगलेत बायबल घेऊन आलाय, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आला तोही नेमका तुझ्या अविधवा नवमीला! नवरा जिवंत असताना गेलीस, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आम्ही तुझं पान वाढतो, आणि तो नवरा मुंबईत कुठं पडलाय याचा पत्ता नसतो. यंदा वीर स्टेशनला रेल्वेतून उतरून, महाडवरून एसटीनं पोलादपूर गाठून, वाडीची चढण चढून दारात हजर. मी वडे तळत होते, झारा हातातच राहिला. म्हणतो, "पोरी, माझं तारण झालं. येशूनं माझी पापं धुतली." मी म्हटलं, "कुणाला विचारून?" त्यानं एकदा तुझ्यावर चुलीतलं जळतं लाकूड फेकलं होतं, त्याचा तुझ्या दंडावरचा डाग मी सरणावरही बघितला होता. तो कुणी धुतला?

चिडेल असं वाटलं. पण तो खाली बसला. "तारण कमावून मिळत नाय गो. माझी लायकी असती तर येशूला कशाला मरायला लागलं असतं? माझ्या जागी मेला तो. आपण नुसते हात पसरायचे." अरे वा! म्हणजे तू जन्मभर सोमवार धरलेस, मार खाऊन त्याच्यासाठीच भाकर झाकून ठेवलीस, आणि हा हात पसरून पार? मी हातातला झारा खाली ठेवला. कारण तो नाटक करत नव्हता, आये. हुंदके देऊन रडत होता. या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं.

दादानं तुझं पान पडवीच्या कौलांवर ठेवलं. कावळा फणसावर येऊन बसला, पण खाली उतरेना. दादानं हात जोडून सांगितलं, धाकट्या बहिणीचं लग्न करीन, घर मोडू देणार नाही. ढिम्म. शेजारची काकी म्हणाली, "तिचा जीव कशात हाय ते समद्यांना ठाव हाय." बाबा लांब उभा होता. मेलेलं माणूस कावळ्यात येत नाही, असं त्याच्या प्रार्थनेतले लोक मानतात, हे त्यानं आल्याआल्याच ऐकवलं होतं. तरी तो पुढं आला. फणसाकडं बघून म्हणाला, "देवानं माफ केलं गो मला. तू केलंस काय, तेवढं सांग." मला धरणी फाटावी असं झालं. कावळा हलला नाही. काकी माझ्यावर खेकसली, "तिच्या वतीनं तू बोल की! पोरं भुकेली हायत." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "केलं माफ."

कावळा तडक उतरला आणि वड्यावर चोच मारली. बाबा अंगणात मटकन बसला. मी घरात गेले आणि पोरांची पानं वाढायला घेतली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर धाडू? राहू दे माझ्यापाशीच. पण दादालाही सांगितलं नाही ते तुला सांगते. मी खोटं बोलले होते, आये. पोरांना जेवू घालायचं म्हणून बोलले, त्यातलं अक्षर मनातलं नव्हतं. मग तू खाल्लंस कसं गो?