डब्यांखाली अंथरलेली चित्रं

प्रिय नागसेन,

हे पत्र मी सांगून राहिली अन् तुझी बहीण प्रीती लिहून राहिली. तिले म्हटलं, माझा एकही शब्द सुधारू नको वं, आजी अडाणी आहे हे साऱ्या पलटणीले कळू दे. इकडे संत्र्याचा बहर बरा आहे. पंपाची मोटर पुन्हा जळली. तुझा बाप तिच्यावर असा खेकसतो, जशी काही तीच रुसून बसली आहे.

सुटीवर आलेल्या तुझ्या दोस्तासोबत, रजतसोबत, तू रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे पाठवले. बुटाच्या पॉलिशनं काढलेली चित्रं. तो म्हणाला, घरच्या बाकीच्यांले मेसेज, आजीले चित्रं, कारण तिले वाचता येत नाही. मी फुगली ना! शेजारच्या सिंधूताईले हाक मारली, म्हटलं, पहा माझ्या शिपायाची करामत. पहिल्यात एक जवान बर्फ उपसतो अन् वरून तेवढाच बर्फ पडतो. दुसऱ्यात साहेबाची मिशी एवढी लांब, की तिच्यावर जवान वाळत घातलेले. आम्ही दोघी पदर तोंडाले लावून हसलो. तिसऱ्यात तू. खाटेवर गुडघे पोटाशी, तोंड ओंजळीत. सिंधूताई म्हणाली, काहून वं माय, पोरगा रडून राहिला का? मी म्हटलं, छे, थंडी आहे तिकडे.

ती गेली अन् मी ते पुठ्ठे फडताळात डब्यांखाली अंथरले. चित्राची बाजू खाली. तू फौजेत भरती झाला अन् विहारात तुले हार घातला, तेव्हा मी केवढी मिरवली होती! त्या तोऱ्यापायी तुले उपडं निजवलं अन् वर तिखटमिठाचे डबे ठेवले. तू फोनवर विचारलं, आजी, पाहिली का चित्रं? मी म्हटलं, पहाड लय छान काढला गा. पहाड तू काढलाच नव्हता. तू हो म्हणाला अन् फोन ठेवला.

सुटी संपून परत गेलेला रजत काल फोनवर सांगत होता, आता तू पॉलिश नुसतं बुटाले लावतो. कोणाशी बोलत नाही, जेवण अर्धं टाकतो. म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ पुन्हा खोटं बोलली असती. आयुष्यात एकच पत्र असं आलं, जे मले कोणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही. ते मी पुरतं वाचलं अन् न वाचल्यासारखं केलं. लाज वाटते, पोरा. आज पुठ्ठे काढून पुसले. तुझ्या खांद्यावर तेलाच्या डब्याचा गोल डाग आरपार उतरला, तो काही निघत नाही. तसेच समोरच्या खोलीत लावले. कोणी विचारलं तं सांगीन, हो, रडून राहिला माझा नातू. तू काढत जा बाबा. रडका काढ, मी पाहीन.

तुझीच, तुझ्याहून भित्री,
आजी