मीठ ढिम्म बसून राहिलं

चिमणे,

दुधाचं पातेलं मी जाळलंय. सिंकखाली लपवलंय, आईच्या नजरेला पडू देऊ नकोस. बस डेपोत लावून आलो की घासतो.

पहाटे डबा भरताना तुझ्या दप्तराला धक्का लागला आणि रसायनशास्त्राचा पेपर बाहेर पडला. तिसरा प्रश्न तू कोराच सोडलायस: साखर लवकर वितळते, मीठ का नाही? म्हटलं, बघू तरी खरं आहे का. पातेल्यात एका कडेला साखर, दुसऱ्या कडेला मीठ ठेवलं आणि गॅस मोठा केला. साखर वितळली, मग काळी ठिक्कर पडून चिकटली. मीठ नुसतं तडतडलं आणि ढिम्म बसून राहिलं!

मग तुझं पुस्तक काढलं. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, आणि मग ते चहूबाजूंनी एकमेकांना असे धरून ठेवतात की आपल्या शेगडीला दाद देत नाहीत. साखरेचे रेणू एकमेकांना तेवढं घट्ट धरत नाहीत. इथवर कळलं. पण आगीला न बधणारं हे मीठ साध्या पाण्यात बघता बघता विरघळतं कसं? आज स्टिअरिंगवर हेच डोक्यात घोळणार.

पेपरवर माझी सही झकास केलीस, पण मी इतकी सुवाच्य कधीच करत नाही. शेजारी खरी करून ठेवलीय.

संध्याकाळी मला पाण्याचं उत्तर हवंय. तुलाही येत नसेल तर दोघं बसू. नापास झालोच तर जोडीने होऊ.

बाबा