लाल फाईलमधला राजीनामा

८ सप्टेंबर, सकाळी ७.१०
निर्णय झाला. फायनल. सीएचं ऑफिस सोडायचं आणि फायनान्समध्ये जायचं. पुण्याला.
पास होऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून इथंच हिंगणघाटात प्रभाकरराव सरांकडे ऑडिट करून राह्यलो. सरांचा नियम आहे, पास झाल्यावर तीन वर्षं बूड टेकवा, मग उडायचं तिथं उडा. आजवर कोणी मोडला नाही. पण मुकेश, आर्टिकलशिपच्या उमेदवारीतला माझा दुसऱ्या ऑफिसातला दोस्त, आता पुण्यात फायनान्समध्ये आहे, तो म्हणतो की तीन वर्षांनी अंगाला ऑडिटचा वास लागतो, मग फायनान्सवाले दारात उभं करत नाहीत. पटलं.
उद्या अकरा वाजता सरांना सांगणार. डोळ्यात डोळे घालून. भीती अजिबात नाही.

९ सप्टेंबर
नाही सांगितलं. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. डोळ्यात डोळे घालायचे कसे? प्रॅक्टिकल अडचण.
सकाळपासून तीनदा संडासला गेलतो. कालच्या तर्रीचा परिणाम.

२० सप्टेंबर
ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. आईच्या बांगड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसलो, तिथंच नेट येतं. ऑफिसला कळवलं, ताप आहे. खोटं नाही. मोजला नव्हता इतकंच.
त्यांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता? तेवढ्यात आई गिऱ्हाइकावर ओरडली, दोन डझन नेजो वो, फुटतेतच. ते लोक हसले. वातावरण मोकळं झालं. माझ्या कम्युनिकेशन स्किलमुळे.

२७ सप्टेंबर
ऑफर आली!! फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट. ३१ ऑक्टोबरपर्यंत हो-नाही कळवायचं, १ डिसेंबरला जॉइन. इथलं रिलीव्हिंग लेटर लागेल. म्हणजे सरांना सांगणं आलं. सांगणारच होतो.
आईला सांगितलं. आई म्हणे, सरांले सांगतलं का? म्हटलं, सांगतो. आई म्हणे, मंग मले कायले सांगून राह्यला, मी काय तुही बॉस आहो? नंतर मात्र देवापुढं साखर ठेवली. दुकानात येईल त्या बाईला सांगायला निघाली होती. पाया पडून गप्प केलं.

३० सप्टेंबर
टॅक्स ऑडिटला मुदतवाढ मिळाली. मग मीही स्वतःला एक दिली. सरकार काही घाबरून मुदतवाढ देत नाही. सोयीसाठी देतं. तसंच हे.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ
आजचा प्लॅन पक्का होता. वडनेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी मोजायला सर आणि मी, दोघंच, सरांच्या गाडीत. सुटका नाही. म्हणजे सरांना.
जाताना ठरवलं, येताना सांगू, कामाआधी माणसाला डिस्टर्ब करू नये. येताना सरच बोलायला लागले. म्हणे, बाकीचे पोट्टे रजिस्टर पाहून मोकळे होतात, तू थप्पीवर चढून मोजते. कागद काय बावा, कसाही बनवता येते, गठाण नाई बनवता येत. तुह्यावर भरोसा आहे मले. आणि खिशातली बडीशेप काढून माझ्या हातावर ठेवली.
बडीशेप घशात अडकली. ठसका लागला. ठसक्यात कोण राजीनामा देतं? तोवर गाडी ऑफिससमोर. हात बर्फासारखे गार पडले होते. एसी फार होता.

१६ ऑक्टोबर
मार्ग सापडला!
आमच्या ऑफिसात पद्धत आहे. माधवी, ऑफिसातली सगळ्यात जुनी, कपाटाच्या किल्ल्या हिच्याच पर्समध्ये, दिवसभराचे सहीचे कागद एका लाल फाईलमध्ये लावते. जिथं सही हवी तिथं पिवळी चिठ्ठी. जेवण झालं की सर फाईल उघडतात. चिठ्ठी, सही, पान उलट. चिठ्ठी, सही, पान उलट. तोंडात सुपारी, डोळे अर्धे मिटलेले. काही वाचत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सही झालेले कागद मग माधवी कपाटात बंद करते.
दोन कागदांच्या मधे माझा राजीनामा लावला. पुण्यात नोकरी मिळाली, ३० नोव्हेंबरपासून मुक्त करावे ही विनंती. खाली ‘मंजूर’ हे मीच टाइप केलं. पिवळी चिठ्ठी.
सर सह्या करत होते तेव्हा मी प्रिंटरमागे उभा होतो, कागद भरायला. तेच कागद चारदा काढून भरले. प्रिंटर जुना आहे.
सही झाली! कायदेशीर. कोणाचं मन दुखलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही. लोक उगाच राजीनाम्याचा बाऊ करतात.

१८ ऑक्टोबर
बाप्पा! ज्या माणसानं भरोसा आहे म्हटलं, त्याच्याकडून न वाचता सही काढून घेतली. दुसऱ्यांनी असं केलं तर आम्हीच ते पकडतो. सर समोरून गेले की मी टेबलाखाली पेन शोधतो. आज सहा वेळा शोधला.
पण सरांना माहीतच नाही तर वाईट कसं वाटेल? लॉजिक बरोबर आहे. तरी पेन शोधतोच.

२५ ऑक्टोबर
मुकेशचा फोन. सहज विचारलं, काम कसं असतं रे? तो म्हणे, एकदम मस्त. दर सोमवारी बारा लोकांसमोर उभं राहून इंग्रजीत बोलायचं. सहा महिने प्रोबेशन. गेल्या महिन्यात दोघांना गुरुवारी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हसत हसत सांगत होता. मीही हसलो.
फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसलो. बारा लोक. मला इथं एकट्या सरांशी मराठीत बोलता येत नाही.

३१ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४०
पुण्याला कळवलं. नाही म्हणून. ‘सध्याच्या फर्मशी असलेल्या बांधिलकीमुळे.’ लिहिताना मलाच भरून आलं.
हा भित्रेपणा नव्हे. मॅच्युरिटी आहे. तीन वर्षं पुरी करणार आणि मग राजासारखा जाणार. तो राजीनामा तेवढा कपाटातून काढून फाडायचा. दोन मिनिटांचं काम. आईला उद्या सांगू.

१२ नोव्हेंबर
माधवीला म्हटलं, किल्ली दे. म्हणे, काऊन? म्हटलं, जुनी फाईल पाहायची आहे. म्हणे, कोणती? म्हटलं, राहू दे. ती माझ्याकडे पाहून हसली. ते हसणं मला आवडलं नाही.
असो. जो कागद कोणी वाचलाच नाही, तो नसल्यासारखाच. मनावर घ्यायचं नाही.
आईला सांगायचं राहिलं. तिनं माझ्यासाठी चाकांची बॅग आणून ठेवली आहे. घरात इकडून तिकडं फिरवून पाहत होती.

२१ नोव्हेंबर
तळेगावची रुचिका म्हणून नवीन सीए लागली. सर म्हणे, हिले जिनिंगचं सगळं समजावून दे, काही बाकी ठेवू नको. म्हणजे माझ्या हाताखाली माणूस आला. प्रमोशन असंच सुरू होतं. जीव तोडून शिकवलं. पोरगी हुशार आहे, सगळं वहीत लिहून घेते. तुम्ही गेल्यावर कोणाला विचारू, असं दोनदा म्हणाली. मी जेवायला जातो त्याबद्दल असेल.

२९ नोव्हेंबर
अक्षर नीट येत नाही आहे.
चार वाजता सरांनी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर शाल, नारळ, पेढे. मला वाटलं माधवीचा वाढदिवस. टाळ्या वाजवायला मीच पुढं होतो. सरांनी शाल उचलली आणि माझ्या खांद्यावर टाकली.
मग बोलले. म्हणे, पस्तीस वर्षांत एक कागद मी वाचल्याबगर सही नाई केली. लोकांले वाटते सर झोपेत सह्या मारतात. वाटू द्या. तुहा कागद त मी दोनदा वाचला. दीड महिना वाट पाह्यली, म्हटलं पोट्टं तोंडानं सांगन. तू चालला याचं वाईट नाई वाटत मले, चांगल्या जागी चालला. पण माह्यं एवढं भेव वाटते का रे तुले?
सरांचे डोळे भरले. सगळे खाली पाहायला लागले.
तेव्हाच सांगायचं होतं. सर, मी पुण्याला नाही म्हटलं, मला कुठंच जायचं नाही. ओठांवर आलं होतं, देवाशपथ. तोंड उघडलं आणि माधवीनं त्यात पेढा कोंबला. माझी खुर्ची रुचिकाला दिली आहे. सरांनी रिलीव्हिंग लेटर हातात ठेवलं. मी पाया पडलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

३० नोव्हेंबर, सायंकाळी ६
ट्रॅव्हल्समध्ये बसून लिहितो आहे. आई, सर, माधवी, तिघंही हायवेवर पोचवायला आले. आईनं शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगितलं, पोरगा मोठ्या कंपनीत चालला. सरांनी ड्रायव्हरला बजावलं, सांभाळून नेजो बावा. मी चढलो. खाली राहिलो असतो तर तिघांनाही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा पुणे सोपं वाटलं.
तिकडं नोकरी नाही. इकडं नोकरी नाही. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

३ डिसेंबर, पुणे
मुकेशच्या खोलीवर आहे. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणे, अबे, तुला डोकं आहे का खोकं? मी कंपनीला फोन केला. त्यांनी दुसरा घेतला. छान बोलले.
आईचा फोन आला. विचारत होती, खुर्ची गोल फिरते का? म्हटलं, फिरते.
आत्ता सरांचा फोन. शनिवारी कॉन्फरन्सला पुण्यात येताहेत. आईलाही सोबत आणताहेत, तिनंच गळ घातली. सर म्हणे, पंधरा मिनिटं तुह्या ऑफिसात येतो, तुह्या साहेबाले भेटून सांगतो का पोट्टं सोन्यासारखं आहे, फक्त तोंड उघडत नाई, जरा संभाळून घ्या. पत्ता पाठवजो.
मी म्हटलं, हो सर.