फिल्टरवरची टकटक

तंजावूर, रविवार

...कॉफीचं डिकाशन लवकर उतरावं म्हणून हे फिल्टरच्या झाकणावर चमच्यानं टकटक करायचे. मी दारात कोलमची रांगोळी काढता काढता ओरडायची, "अहो, ठोकू नका, गढूळ होतं!" की आणखी जोरात.

ती टकटक काल संध्याकाळी चेन्नईच्या क्लबातून ऐकली. आमची लेक मैथिली तिथे टेक्नो संगीत वाजवत होती, मी फोनवर पाहत होते. आधी जड ठोके, मग तिनं कधीतरी रेकॉर्ड केलेला ह्यांचा चमचा, मग माझं ओरडणं. पोरं नाचत होती. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी चमचा स्वयंपाकघरात वाजल्यासारखा.

नंतर तिचा फोन. "अम्मा, माझी कंपनी रेकॉर्ड काढतेय, त्यात हा तुकडा घेते. तुझा आवाज त्यातून काढून टाकू का? लाजशील."

"तुझे अप्पा काय म्हणाले असते?"

"बायकोला काढ, चमचा ठेव!"

हसले. लाज वाटते खरी. जगभर माझं ओरडणं कशाला? पण ते काढलं तर नुसती टकटक उरेल. मग ह्यांनी चिडवायचं कुणाला?

आज सकाळी मैथिलीला फोन करून सांगितलं, माझं ओरडणं राहू दे.