कोबा कोरडा आहे

सोमवार, १२ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. कंबर कशी आहे? परांचीवर जपून चढत जा, आता काही तू विशीतला गवंडी नाहीस. तुझ्या बायकोला सांग, तिनं दिलेली शाल रोज अंगावर असते.

मी ठणठणीत. गॅरेजचा कोबा एकटीनं रंगवून काढला! हसू नकोस. तू फोनवर सांगितलंस तस्संच केलं. आधी गाडीच्या तेलाचे डाग सोड्यानं आणि तारेच्या ब्रशनं घासले. गुडघ्याखाली उशी घेतली होती, तरी गुडघे बोंबललेच. मग तपकिरी रंगाचे दोन हात. कोबा कुठे जास्त रंग पितो, कुठे कमी. सगळा मिळून वाळक्या पानासारखा दिसतो. मला फार आवडला. शेवटी वरून सीलरचा चकचकीत पारदर्शक थर, आतल्या भिंतीपासून शटरकडे मागे मागे सरकत, म्हणजे आपलीच पावलं उमटायला नकोत.

सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "आई, तुम्हाला किती हौस हो!"

म्हटलं, "हो बाई, गॅरेजमध्ये राहायची लहानपणापासून हौस."

ती हसली. तिला वाटलं, विनोद केला.

तर ते तसं आहे. माझी खोली नातीला अभ्यासाला हवी. मुलगा म्हणतो, "गॅरेज काय म्हणतेस आई, तुझा स्वतंत्र ब्लॉक म्हण." ब्लॉकला शटर आहे आणि कडी बाहेरून. आतून कडी बसवायला सुतार येणार आहे म्हणे. गाडी आता रस्त्यावर उभी असते. तिला ऊन लागू नये म्हणून त्यानं परवाच नवं कव्हर आणलं. कव्हर चांगलं जाड आहे.

नातीनं मात्र विचारलं, "आजी, तुला तिथे थंडी नाही वाजणार?" लगेच तिच्या आईनं तिला आत हाक मारली.

प्लॅस्टिकचं काय झालं, हे तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी तुझ्या कंबरेवर विषय नेला. आता सांगते. रंगाच्या आधी प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा; खाली पाणी धरलं तर जमिनीतून ओल येते, मग सीलर लावायचा नाही आणि तिथे झोपायचं तर मुळीच नाही, असं तू बजावलं होतंस. सकाळी उचललं. खालून थेंबच थेंब, कोबा काळा पडलेला. तेवढ्यात सूनबाईच्या चपला वाजल्या. मी पदरानं सगळं पुसून घेतलं.

"कोरडं आहे ना?"

"खडखडीत."

काय करणार? आदल्या दिवशी जेवताना ती मुलाला म्हणाली होती, "ओल असेल तर नको हं. उद्या आजारी पडल्या तर आपल्यालाच निस्तरावं लागेल. त्यापेक्षा तिकडे बरं, डॉक्टर तरी असतो." तिकडे म्हणजे म्हातारी माणसं नेऊन ठेवतात तिथे. मुलगा जेवत राहिला. मान वर केली नाही त्यानं. त्याला भरवताना मी गोष्टी सांगायची, तेव्हाही तो असाच ताटात बघत बसायचा.

आता आतल्या भिंतीशी ओलीनं सीलर पांढरा फुटतोय. मी त्यावर ट्रंक सरकवली आहे.

रविवारी तू येशील. मुलगा तुला तिथे नेऊन विचारणारच, "मामा, तुम्हीच सांगा, ओल नाही ना?" धाकट्या, उभ्या जन्मात तू कच्च्या कामाला पक्कं म्हटलं नाहीस, ठाऊक आहे मला. तरी हात टेकव आणि कोरडं आहे म्हण. ट्रंक हलवू नकोस. "अक्का, माझ्याकडे चल" असंही म्हणू नकोस. तुझ्या दोन खोल्यांत पाय पसरायला जागा नाही, आणि तू ते मनापासून म्हणशील. मग सगळ्यांदेखत माझा बांध फुटेल.

गॅरेजच्या भिंतीपलीकडे नात मोठ्यानं पाठांतर करते, ते स्पष्ट ऐकू येतं. तिकडे ते ऐकू येणार नाही.

येताना लोकरीचे मोजे आण. कुणी विचारलं तर तुझेच आहेत म्हण.

तुझी,
अजून तरी याच पत्त्यावरची,
अक्का